चोवीस तारखेच्या माश्या

"मॅडम, सर म्हणतात माझे आकडे बनावट आहेत. उद्या कमिटी मला काढून टाकणार." फोनवर वैदेही रडत होती.

प्रमोदिनीबाई भोसले नदीच्या घाटाच्या पायऱ्या चढून नुकत्याच घरी टेकल्या होत्या. गुडघे कुरकुरत होते, निवृत्तीला चार महिने उरले होते आणि विद्यापीठाने या आकड्यांची चौकशी नेमकी त्यांच्याच गळ्यात घातली होती. त्यात वैदेहीचा गाइड देवव्रत म्हणजे त्यांचाच जुना विद्यार्थी. सप्टेंबरात दहा तारखेला त्याच्या वडिलांच्या श्राद्धाला त्या वडे-खीर जेवून आल्या होत्या. आता त्याच घराची उलटतपासणी! नको झालं होतं सगळं. तरी उठल्या, ई-रिक्शा करून प्रयोगशाळेत गेल्या.

पीएच.डी.साठी वैदेही फळमाश्या उपाशी ठेवायची आणि तगतील त्यांचीच पुढची पिढी वाढवायची. चाळीस पिढ्यांत तिच्या माश्या अन्नाविना पाच दिवस जगू लागल्या होत्या. परवा कमिटीपुढे मात्र त्या साध्या माश्यांसारख्या दोनच दिवसांत मेल्या.

"एका पिढीत एवढी घसरण होत नाही," बाई म्हणाल्या. "एक तर आकडे खोटे, नाही तर माश्या बदलल्या. तू बाहेर कधी होतीस?"

"आठ ते अठरा सप्टेंबर. नागपूरला, आईचं ऑपरेशन होतं. अंडी घालायला माश्या नव्या बाटल्यांत सरांनी हलवल्या. रजिस्टरात आहे, दहा तारीख, सकाळी अकरा."

"खोलीच्या किल्ल्या?"

"दोनच. एक सरांची. माझी कुशलकडे दिली होती."

कुशल तिच्याच बाकाशेजारी काम करायचा. एकाच फेलोशिपवर दोघांचा डोळा होता. नाव ऐकून तो बाकावरून उठून आला.

"मॅम, मैं तो बारा से सत्रह दिल्ली में था. इंटरव्यू होता. किल्ली खिशातच राहिली. तिकीट दाखवू?"

"दाखव. वैदेही, नव्या माश्या बाहेर कधी पडल्या?"

"चोवीसला. जरा उशिरानेच. मला वाटलं, थंडी लागली असेल."

बाईंनी माश्यांच्या इन्क्युबेटरचा तापमानाचा तक्ता उलगडला. महिनाभर पंचवीस डिग्री, रेघ जरासुद्धा हललेली नाही. त्या स्टुलावर बसल्या आणि देवव्रतला बोलावून घेतलं.

"देवव्रत, पंचवीस डिग्रीला अंड्यापासून माशी व्हायला किती दिवस लागतात?"

"दहा."

"चोवीसला निघाल्या, म्हणजे अंडी चौदाला घातली. रजिस्टर दहा म्हणतं. चौदाला एक किल्ली दिल्लीत होती, राहिली तुझी. आणि दहाला सकाळी अकराला तू अमृतराव घाटावर पिंड देत होतास. साडेबाराला मी तुझ्याकडे पानावर बसले होते. आता तूच सांग."

देवव्रत समोरच्या स्टुलावर बसला.

"बदली करायची म्हणजे उरलेल्या चार-पाचशे माश्या स्पिरिटमध्ये बुडवायच्या, ताई. बाबांच्या तिथीला हात धजेना. उद्या करू म्हटलं. मग दोन दिवस पाहुणे. चौदाला आलो तर जुनं अन्न पातळ होऊन सगळ्या चिकटून मेलेल्या. साध्या भरल्या आणि दहाची तारीख टाकली. वाटलं, कळणार नाही."

"परवा कमिटीपुढे माश्या मेल्या तेव्हा तरी बोलायचंस. माशी मारायला हात धजेना, आणि पोरीच्या गळ्यावरून सुरी फिरवलीस?"

बाईंना राग आला होता, पण त्याहून शीण जास्त. यालाच त्यांनी हे शास्त्र शिकवलं होतं. त्यांनी अहवाल तिथेच लिहिला, त्याची सही घेतली.

"तुझे आकडे खरे आहेत," त्या वैदेहीला म्हणाल्या. "उद्या कोणी तुला हात लावणार नाही."

"आणि माझ्या माश्या?"

"त्या गेल्या गं. पुन्हा पहिल्या पिढीपासून."

वैदेही ओळीने लावलेल्या बाटल्यांकडे बघत राहिली.

"दोन वर्षांत एकदाच घरी गेले होते हो मी," ती म्हणाली.