पलीकडचा बाक

चर्च एवढंसं, आणि तिथला कारभार म्हणजे दात कोरून पोट भरायची तऱ्हा. प्रवचनांचे, मुलाखतींचे व्हिडिओ करून इंटरनेटवर टाकायची हौस होती, पण स्टुडिओ परवडत नव्हता. म्हणून फादरनी कोपऱ्यातली पापनिवेदनाची लाकडी कोठडी सुचवली, लोक जिथं बसून त्यांना आपली पापं सांगत ती. मध्ये जाळी, दोन्ही बाजूंना एकेक बाक, जाड पडदे. आवाज घुमायचा नाही, एकीकडे फादर बसतील, दुसरीकडे पाहुणा.

काम सांगितलं लग्नाचे व्हिडिओ काढणाऱ्या बाईला. ती आली याचंच नवल, कारण तीन वर्षांत तिनं त्या दाराकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. तिचा धाकटा भाऊ इथल्याच मनोऱ्यावर घंटेचा दोर बदलायला चढला होता. शिडी मोडली, पोरगा जागच्या जागी गेला. थेंबालाही न शिवणारा पोरगा, आणि चर्चच्या कारभाऱ्यानं आवई उठवली की पिऊन चढला होता! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. लोकांनी माना डोलावल्या, आणि आईनं घराचा उंबरा ओलांडणं सोडलं. पुढे कारभारीही मेला, पण त्यानं लावलेला डाग काही त्याच्याबरोबर पुरला गेला नाही.

तिनं एकच अट घातली होती. पहिल्याच भागात फादरनी सांगायचं की पोरगा प्यायलेला नव्हता. फादर म्हणाले होते, बघू. त्या 'बघू'नं तिचं डोकं सणकलं होतं, तरी आईसाठी ती आली.

भर दुपारी तिनं दोन्ही बाजूंना माइक लावले, रेकॉर्डिंग चालू केलं, कानाला हेडफोन चढवले आणि फादरना म्हणाली, चाचणीसाठी काहीही बोला. फादर बसले, आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं जाळीला कान लावून म्हणाले, "बोल बाळ, मी ऐकतोय."

रेकॉर्डरवरची, पलीकडच्या माइकचा आवाज दाखवणारी हिरवी पट्टी हलली.

पलीकडचा बाक रिकामा होता. पडदा बाजूला सारून ती स्वतःच समोर उभी होती. आधी श्वास ऐकू आला, सावकाश, घरघरता. मग ओल्या मातीचा दमट वास आला, आणि मग कारभाऱ्याचा तो घोगरा आवाज.

"शिडी कुजलेली होती, फादर... मला ठाऊक होतं. नवी घ्यायला नको म्हणून... मीच चढवलं त्याला..."

फादरच्या कानाला हेडफोन नव्हते, तरी त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. ते जाळीशीच पुटपुटले, "मी सांगितलं होतं तुला... आधी त्याच्या आईकडे जा. त्याशिवाय क्षमा नाही..."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भुताला घाबरायला सवड कुणाला होती!

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं," ती म्हणाली.

पापनिवेदनातलं बाहेर बोलायचं नसतं, हे तिलाही कळत होतं. पण पोरगा पीत नव्हता एवढं तर फादरनी स्वतः वर्षानुवर्षं पाहिलं होतं, ते सांगायला कुठला नियम आड येत होता? तिनं हे तोंडावर सुनावलं, रेकॉर्डिंगचं कार्ड काढलं आणि सामान तिथंच टाकून घर गाठलं.

आईसमोर लॅपटॉप ठेवून तिनं ते रेकॉर्डिंग लावलं. आई डोळे मिटून ऐकत राहिली. शिडीचं आलं, फादरचं आलं. मग थोडा वेळ नुसती घरघर, आणि मग चर्चमध्ये लेकीनं ऐकलंच नव्हतं असं काहीतरी.

"वहिनी... चुकलो मी. माफ केलं, एवढं म्हणा..."

आईनं डोळे उघडले. तीन वर्षांत तिचा आवाज एवढा ठणठणीत निघाला नव्हता.

"नाही."

पलीकडे हुंदका फुटला. लेकीचा हात घाईनं बटणाकडे गेला, तर आईनं मनगट धरलं.

"असू दे. रडू दे त्याला."

रेकॉर्डिंग चार मिनिटांचं होतं. पडद्यावरचा आकडा विसाव्या मिनिटाला पोचला होता, आणि पुढे सरकतच होता.