पेटीच्या तळचं संत्रं

खरं सांगून राहिली मी, सुहासिनी, शब्द न् शब्द खरा! देवाची शपथ आपल्या घरात चालत नाही, म्हणून माझ्या तोंडात उरलेल्या दोन दातांची घेते. खोटं निघालं तं तेही पडो. तू कॉलेजात सायन्स शिकून राहिली न, मंग नीट ऐक. आन् माझ्या बोटाकडे नको पाहू. हाती सूप असलं का ते वाजतेच. जुनी खोड आहे.

तुझे आबा आन् मी तवा वाडीले संत्र्याच्या गोदामात कामाले होतो. बाहेर ट्रकांची घरघर, आत तणसाचा वास. माणसं पेट्या ठोकत, आमी बाया माल निवडत. संत्रं हातात आल्याबरोबर मले समजे, हे रसाचं, हे पोचट.

एकदा आबाची दाढ ठणकली. शहरात, सदरमधी, एक चिनी दाताचा डाक्टर होता, वोंग नावाचा. हडकुळा, हिंदी मात्र आपल्यासारखी बोले. त्यानं गालावर नुसता तळवा ठेवला. ठणका गेला.

आबानं इचारलं, "कौनसी दवा लगाई?"

"दवा नहीं, देवाजी. अंदर का जोर है. हमारे यहाँ ची बोलते हैं. कुश्ती में भी यही, दाँत में भी यही."

झालं! आबाचं डोकं फिरलं. त्यायची लहान बहीण प्रेमिला भगताच्या झाडफुकीत गेली होती. दवाखान्यात नेलीच नाही तिले. दीक्षा घेतली त्या वर्षी आबानं पहिलं काम काय केलं, तं भगताले उंबऱ्यावरून हाकललं.

"आज हा अंदरचा जोर मानला," म्हणे, "तं उद्या तोच भगत घरात येऊन बसंल. मले हे खोटं पाडाच लागते."

"काहून त्या गरिबाच्या मागं लागता?" मी म्हटलं.

"तू संत्री निवड वं."

आबानं बोलावलं म्हणून रविवारी डाक्टर सायकलनं गोदामात आला. सारे हमाल जमले. आबानं मले सांगितलं, तुझ्या हातानं एक फळ निवड. मी चांगलं जड, रसानं तट्ट फुगलेलं निवडलं, पेटीच्या तळाशी ठेवलं, वर थरावर थर रचले. आबानं स्वतः फळ्या ठोकल्या आन् म्हणे, आता पेटी न उघडता तळच्या फळावर जोर चालवून दाखव. डाक्टरनं पेटीवर तळवा ठेवला, पोळी गरम आहे का पाहतात तसा. आन् उचलला.

पेटी उघडली. वरची संत्री जशीच्या तशी. तळचं मी हातात घेतलं आन् माझा हात वरच उडाला. कापसाइतकं हलकं. साल ताजी, चमकदार, कुठं ओरखडा नाही. सोललं तं आत पांढऱ्या फोडी, कागदासारख्या. रस नाही. बीसुद्धा नाही.

"बदललं असंल," आबा म्हणाले.

"कवा बदललं? पेटी तं तुमीच ठोकली!"

आबाले उभं राहवत नव्हतं, बसवतही नव्हतं. मंग त्यायनं सदऱ्याच्या गुंड्या सोडल्या. "फल नहीं, आदमी पे दिखाओ, डाक्टर."

"आदमी पे नहीं करता, देवाजी. घर जाओ."

"डर गया क्या? आमचा भगतही असाच म्हणे, आज मुहूर्त नाही!"

हमाल खदाखदा हसले. डाक्टरचे कान लाल झाले.

त्यानं छातीवर हात ठेवला.

काहीच झालं नाही.

आबा हसले, सारेच हसले. डाक्टर हसला नाही. नळावर कितीतरी वेळ हात धूत राहिला. जातानी सायकलवर बसलाही नाही, धरून पायीच गेला.

घरी येतानी आमी टेम्पोत दाटीवाटीनं बसलो होतो. माझं डोकं आबाच्या छातीले टेकलं.

आत काहीच वाजत नव्हतं.

सरकारी दवाखान्यात कंपाउंडरनं नळी लावली. नळी झटकली. सोताच्या छातीले लावून पाहिली, तिथं वाजली. पुन्हा इकडं लावली. मंग लाल औषधाची बाटली हातात देल्ली.

सदरले गेलो तं डाक्टरच्या दुकानाले कुलूप. कोणी म्हणे कलकत्त्याले गेला.

तवापासून ते बोट. ताटावर, खाटेवर, पेटीवर, ठक ठक ठक. आत शांत झालं का माणसाले बाहेर वाजवा लागते. जेवण जाते, काम होते, हसू येते. फक्त निवांत बसवत नाही.

काय म्हटलं? आबा तं हार्टनं गेले? हो वं, तुझ्या बापासमोर गेले. डाक्टर म्हणे, धडधड बंद पडली. बंद पडाले ती आधी चालू पाहिजे, म्हणतेस? हुशार आहेस. आबावर गेली.

बरं. एक गोष्ट बनवली मी. एकच.

गुंड्या आबानं सोडल्या, ते खरं. डाक्टरचा हात निघाला, तेही खरं. पण मले त्या हलक्या संत्र्याचं वजन आठवलं, आन् मी मधी शिरली. हात माझ्यावर पडला. टेम्पोत कान लावला, तो आबानं. मरेपर्यंत म्हणत राहिले, "कंपाउंडरची नळीच बिघडली होती."

तुलेही तसंच वाटते न? ये मंग, इथं ठेव कान.

थांब. आधी बोट थांबवू दे.