आधी काच, मग नाव

मायक्रोस्कोपखाली काच ठेवताना तिच्यावरचं नाव झाकायचं, ही डॉक्टरीणबाईंची जुनी शिस्त. नाव कळलं की डोळा पक्षपात करतो, असं त्यांचं मत. लॅबमधले काका कुरकुरत कागदाची पट्टी चिकटवून देत.

त्या सकाळी यकृताच्या दोन काचा आल्या. पहिलीतल्या पेशी म्हाताऱ्या होत्या. केंद्रकं फुगलेली, वयानुसार साठणारे तपकिरी कण जागोजागी, आणि मधून व्रणाचे निळे धागे. दुसरी काच अगदी कोवळी.

पहिली दादाची असणार. आईवडिलांमागे या थोरल्या भावाने त्यांना तळहाताच्या फोडासारखं जपलं होतं. जुन्या दुखण्याने त्याच्या यकृताचा पार दगड झाला, तेव्हा बाईंनी आपलं अर्धं काढून दिलं. दोघांचंही यकृत पुन्हा वाढून पूर्ण झालं. आता तपासणीला दोघांचे तुकडे घेतले होते. दिलेलंही बिघडलं असेल, तर पुन्हा द्यायचं कुठून?

त्यांनी पट्टी सोलली. नाव त्यांचंच होतं.

खरं सांगायचं तर आधी हायसं वाटलं. मग त्यांनी काच पुन्हा पाहिली. चाळिशीही न गाठलेल्या, धडधाकट बाईचं यकृत असं?

"काका, काचांची अदलाबदल झाली का हो?"

"आजवर कधी झालीय का, बाई?"

तरी काकांनी मेणात बसवलेल्या त्याच तुकड्यांचे नवे काप काढले.

बाईंच्या कापात निळे धागे सकाळपेक्षा दाट होते. दादाच्या पेशी आणखी कोवळ्या.

मेणातला तुकडा मेलेला असतो. तो म्हातारा होत नाही.

काका एकदा मायक्रोस्कोपमध्ये डोकावले आणि मागे सरले.

दुपारी दादा जिने धावत चढून आला. चष्मा खिशात.

"लागतच नाही आता! काय गं चिमणे, निकाल काय?"

सांगितलं असतं, तर तो जिवंतपणी मेला असता.

"ठणठणीत आहेस, दादा."

"आणि तुझा?"

"माझाही."

निघताना जिन्यावर बाईंचा गुडघा लचकला. त्याने पटकन दंड धरला. लहानपणी चालायला शिकवताना धरायचा, तसाच.

"सावकाश," तो मायेने म्हणाला. "घाई नाही, ताई."

आपण काय बोललो, हे त्याच्या ध्यानीही आलं नाही.