सहा टक्के वासंती

मिरजेच्या श्रवणप्रयोगशाळेत दर तिमाहीला भिंतीवरच्या पडद्यावर एक यादी झळकायची, आणि त्या दिवशी वासंती मगदूमला जेवण जायचं नाही. अठरा वर्षं ती कृत्रिम कान जुळवत होती. जन्मतः बहिऱ्या मुलाच्या कानात बसवलेल्या बावीस सूक्ष्म तारांमधून किती प्रवाह सोडायचा, हे ठरवायचं तिचं काम. कमी पडला तर आईची हाक पोचत नाही, जास्त झाला तर वाटी पडली तरी मूल किंचाळतं. वासंती मुलाच्या भुवयांकडे बघत बघत एकेक तार लावायची.

यादीत तिच्या नावापुढे आकडा होता सहा टक्के. भरतेश चौगुलेच्या नावापुढे एकेचाळीस.

हा भरतेश म्हणजे वर्षभरापूर्वी रुजू झालेला पोरगा. गेल्या महिन्यातच त्याच्याकडची चार मुलं पुन्हा जुळवायला आली होती. तरीही एकेचाळीस! वासंतीच्या पोटात दुखायला लागलं. कुठल्याही डॉक्टरकडे जाऊन उपयोग नाही असं ते दुखणं होतं, हे तिला पुरतं ठाऊक होतं.

या सगळ्याच्या मुळाशी ‘कर्णसूत्र’ नावाची आज्ञावली होती. तारांचा प्रवाह ती सुचवायची आणि तिच्यासाठी प्रत्येक तज्ज्ञाला वर्गणी भरावी लागायची. पूर्वी वर्गणी सरसकट होती; हा अन्याय आहे अशी ओरड झाली, तेव्हा ती बनवणाऱ्या कंपनीने श्रेयमापक आणला; यादीतले टक्के त्याचेच.

“सोपं आहे, मॅडम,” कंपनीचे अभियंता हेरवाडकर तिला समजावत म्हणाले. “तुम्ही हात लावायच्या आधी कर्णसूत्र आपलं उत्तर कुलूपबंद करतं. मग तुम्ही जुळवता. नंतर दोन्ही ताडून बघायची. जेवढं जुळलं तेवढं आज्ञावलीचं, जेवढं वेगळं तेवढं तुमचं. वर्गणी फक्त आज्ञावलीच्या वाट्यावर. याहून न्याय्य काय असणार?”

“अहो, पण मी त्याचं उत्तर उघडूनसुद्धा बघत नाही!”

“नका बघू. पण जे आज्ञावलीला आधीच माहीत होतं, त्याचं श्रेय तुम्हाला कसं द्यायचं?” हेरवाडकरांनी चष्मा पुसला. “आणखी एक. पुढच्या यादीतही दहाच्या खाली राहिलात तर जुळवणीखाली सही करायचा हक्क जाईल. तुम्ही जुळवाल, सही चौगुले करतील.”

भरतेशची सही! वासंतीला त्यापुढचं काही ऐकूच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. वरच्या पट्टीच्या सहा तारा तिने योग्य जागेपेक्षा दोन टप्पे वर लावल्या. दोनच टप्पे. मुलांना थोडं टोचेल, पण सवय होईल, असं तिने स्वतःला बजावलं. पुढच्या मुलालाही तसंच, त्याच्या पुढच्यालाही. मुलांच्या भुवया आक्रसायच्या, म्हणून ती त्यांच्याकडे बघेनाशी झाली. महिन्याअखेर हंगामी आकडा आला एकवीस. वासंतीने त्या दिवशी सगळ्यांना पेढे वाटले आणि भरतेशला मुद्दाम दोन दिले.

दुसऱ्या महिन्यात आकडा अकरावर उतरला. तिमाही संपली आणि शेवटच्या महिन्याच्या आकड्यांची यादी झळकली. वासंती मगदूम, पाच. भरतेश चौगुले, त्रेसष्ट.

ती तडक हेरवाडकरांच्या खोलीत घुसली. “तुमचं यंत्र खोटं बोलतंय. मी तीन महिने माझ्या मनाने जुळवतेय!”

हेरवाडकरांनी तिची नोंद उघडून वाचली. “मॅडम, कर्णसूत्र सगळ्यांकडून शिकतं, पण सारखं शिकत नाही. ज्याची मुलं परत येत नाहीत, त्याच्यावर त्याचा विश्वास जास्त. अठरा वर्षांत तुमच्याकडची परत आलेली मुलं फक्त नऊ. देशात इतकी कमी कुणाचीच नाहीत. त्यामुळे ते मुख्यतः तुमच्याकडूनच शिकलंय.”

“म्हणजे ते आधीचे सहा टक्के...”

“उरलेले चौऱ्याण्णवही तुमचेच होते. शिकवलेलं सगळं आज्ञावलीच्या खात्यात जातं.”

“आणि माझ्याच विद्येची वर्गणी मी भरत होते?”

“शिकवणाऱ्यासाठी नियमात कलम नाही,” हेरवाडकर ओशाळून म्हणाले. “आता तुम्ही वरच्या तारा चढवायला लागलात. त्याला वाटलं, बाईंना काहीतरी नवं सापडलं. महिन्याभरात तोही धडा शिकून मोकळं झालं. एकतीस केंद्रांत आता तसंच सुचवतंय.”

वासंतीने विचारलं, “सगळीकडे?”

“आणि लोक डोळे झाकून मान्य करताहेत. एकटे चौगुले तेवढे रोज दोन टप्पे खाली आणतात. म्हणून त्यांचे त्रेसष्ट.”

वासंती भरतेशच्या खोलीत गेली, तेव्हा चार वर्षांची अन्विता आईच्या मांडीवर बसली होती. गेल्या महिन्यात वासंतीनेच तिचे कान जुळवले होते. भरतेश पोरीच्या भुवयांकडे बघत एकेक तार खाली आणत होता. आईने बांगड्या वाजवून बघितल्या, आणि पोरीने या वेळी कानांवर हात नेले नाहीत.

“हे कुठं शिकलास?” वासंतीने विचारलं.

“तुमच्याकडंच की, ताई,” तो हसला. “तुमच्या जुन्या जुळवण्यांची चित्रणं हायत न्हवं, सगळी बघितली. माझे पहिले एकेचाळीस म्हणजे निव्वळ चुका होत्या. आता जमायला लागलंय, पण यंत्रच काहीतरी भलतं सांगतंय. मग मी म्हणतो, ताईंनी काय केलं असतं? तसं करतो.”

त्या त्रेसष्टांतला प्रत्येक टक्का तिचा होता. हेवा कमी झाला नाही, उलट जास्तच पेटला. ‘माझं आहे ते!’ असं ओरडून सांगावंसं वाटत होतं. पण त्रेसष्ट आपले म्हणायचे, तर ते दोन टप्पेही आपले म्हणावे लागणार होते.

“महिनाभर पोरगी साधं ताट वाढलं तरी रडायची हो,” अन्विताची आई भरतेशला म्हणाली. मग तिने वासंतीकडे मान वळवली. मागच्या खेपेला वासंतीच्या तोंडावर मुखपट्टी होती, त्यामुळे आता आईने तिला ओळखलं नाही. “आधी कुणी जुळवलं होतं, मॅडम?”

भरतेशही उत्तराची वाट बघत होता.

“मी,” वासंती म्हणाली. “आणि मुद्दाम.”