कोपऱ्यातली शेवटची ओळ

प्रेम म्हणजे अनंताशी गाठ. त्या क्षणी काळ थबकतो, विश्व उजळून निघतं आणि माणसाला आपल्या असण्याचा अर्थ कळतो. आमच्या सरांना त्या क्षणी एवढंच कळलं, की लाकडी डस्टर नाकावर बसलं तर पाणी डोळ्यांतून येतं.

झालं असं, की शाळेच्या शेवटच्या वर्षाला कलन, म्हणजे कॅल्क्युलस, शिकवणारे हे सर विसरलेला चष्मा न्यायला वर्गात परत आले. आत नव्या मॅडम त्यांचाच फळा पुसत होत्या... इतक्या तळमळीने, की डस्टर हातातून सुटलं.

"अगं बाई! लागलं का हो?"

"नाकाचं राहू द्या. तुम्ही माझी सिद्धता पुसलीत!"

"पूर्ण झाली होती ना? अर्धवट असती तर हात लावला नसता."

चष्म्याशिवाय सरांना मॅडम नीट दिसल्याच नाहीत. थोडा निळा रंग, खडूची धूळ आणि हसू दाबल्याचा आवाज, बस. पण तेवढ्यावर भागलं.

शेवटच्या वर्षाला गणिताचे अभ्यासक्रम दोन. सरांचं कलन, ज्याला मुलं 'मोठं गणित' म्हणत आणि आधीपासून घाबरत. मॅडमचं संख्याशास्त्र, ज्याला 'सोपं गणित' म्हणत आणि परीक्षेत घाबरत. वर्ग मात्र एकच. आधी सरांचा तास, मग मॅडमचा.

दुसऱ्या दिवसापासून सर फळ्याच्या कोपऱ्यात एक सिद्धता लिहून तिची शेवटची ओळ सोडून जाऊ लागले. मॅडम बाकीचा फळा पुसायच्या, कोपरा राखायच्या आणि जाता जाता तिरक्या अक्षरात ती ओळ भरायच्या. शाळा सुटली की सर ती वाचायला यायचे... दोनदा.

"हल्ली शर्टाला इस्त्री करतोस, गुणगुणतोस," घरी आई म्हणाली. "इकडे ये, ताप आहे का बघू."

असं छान चाललेलं असताना मुख्याध्यापिका बाईंनी फर्मान काढलं. गणिताला दोन दोन अभ्यासक्रम हवेत कशाला? पुढच्या वर्षासाठी ज्याला मुलं कमी येतील तो बंद, आणि शिकवणाऱ्याने दुसरी शाळा बघावी. तेव्हा दोघांनी खालच्या वर्गातल्या मुलांना आपापला विषय नीट समजावून सांगावा.

सरांनी समजावलं : "कलन? अरे, मलासुद्धा त्याची वाईट स्वप्नं पडतात. मॅडमकडे जा. हवामान, औषधं, निवडणुका, सगळं त्यांच्या विषयावर चालतं."

पुढच्या तासाला मॅडमनी समजावलं : "सरासरी काय, यंत्रसुद्धा काढतं. सरांकडे जा. पळणारी वस्तू नेमक्या एका क्षणी किती वेगात आहे, ते सांगतात. आणि... सांगतात फार छान."

मुलं आज्ञाधारक. दोन्ही शिक्षकांवर पूर्ण विश्वास ठेवून सगळ्यांनी चित्रकला घेतली.

"दोन गणित शिक्षकांनी मिळून गणिताचा निकाल लावलेला मी पहिल्यांदाच पाहतेय," बाई म्हणाल्या. "सर, हे काय केलंत?"

"मॅडमचा वर्ग टिकावा म्हणून..." सर टेबलावरच्या पेपरवेटशी बोलले.

"आणि मॅडम, तुम्ही?"

"तेच. फक्त... उलट बाजूने."

खिडकीबाहेर पावसाची रिपरिप चालू होती. बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"समोरचा काय करेल हे दोघांनीही धरलं नाही? आणि तुम्ही गणित शिकवता! उद्या एकाच फळ्यासमोर उभे राहा आणि आपापल्या विषयाबद्दल खरं बोला. मुलं दोन्हीकडे आली तर दोन्ही ठेवते. एकमेकांचं कौतुक करायचं तर एकमेकांपाशी करा. मुलांना कशाला त्रास?"

दोघं खरं बोलले. सर बोलता बोलता हरवले, मॅडमचे हात नाचायला लागले. मुलं निम्मी इकडे, निम्मी तिकडे झाली, दोन्ही वर्ग वाचले. चित्रकलेच्या सरांनी मात्र दोघांशी अबोला धरला.

मधल्या सुट्टीत वर्ग रिकामा झाला. सरांनी खडू उचलला आणि कोपऱ्यात लिहिलं : 'समजा, आपण दोघं...'

"समजा?" मॅडम जवळ आल्या. "एवढं सगळं झाल्यावर अजून समजाच?"

"सिद्धतेची सुरुवात तशीच करतात." सरांचं नाक लाल झालं होतं – या वेळी डस्टरशिवाय. "शक्यता... किती वाटते?"

"एका निरीक्षणावरून आम्ही निष्कर्ष काढत नाही. रोज संध्याकाळी चहाला आलात तर सांगता येईल."

"रोज? किती वर्षं?"

मॅडमनी त्यांच्या हातातून खडू घेतला. बोटं बोटांना लागली... आणि खडू घेऊन झाल्यावरही तिथेच राहिली. मग त्यांनी 'समजा' खोडलं आणि शेवटी तिरक्या अक्षरात एकच शब्द लिहिला : 'कायम.'

सरांचे डोळे भरून आले. इतकी वर्षं अनंत शिकवत होते; तो केवढा असतो ते आज दिसलं. काहीतरी फार मोठं, फार सुंदर बोलावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं, तोच मॅडमनी डस्टर पुढे केलं.

"घंटा झाली. जरा फळा पुसून देता का? माझा तास आहे."