खोक्यावरचं फाटकं लेबल

कॉम्प्युटरच्या पेटीचं झाकण निघालं आणि निरीक्षकबाईंनी नाकाला रुमाल लावला. आत तेलकट धुळीचा थर. पंख्याच्या पात्यांत कुणाचे तरी लांब केस गुंतलेले, कोपऱ्यात मेलेलं झुरळ. हार्ड डिस्कवरचा जुना कागद चाकूने खरवडून काढलेला. आणि हे धूड सहा महिन्यांपूर्वी कोरं करकरीत म्हणून विकलं गेलं होतं.

"शी," बाई म्हणाल्या. ग्राहक संरक्षण खात्यात अठरा वर्षं काढली, पण असल्या घाणीची सवय काही झाली नव्हती. "हे नवं?"

"नवं कोण म्हणतंय?" दुकानाचा मालक गोड हसला. "जुने भाग दुरुस्त करून घालायला कायद्याची मनाई नाही ना, मॅडम?"

मनाई नव्हतीच. खोक्यावर लाल लेबल लावायचं आणि गिऱ्हाइकाला तसं सांगायचं, एवढाच नियम.

"लेबल कुठंय?"

मालकाने आतल्या खोलीचं कुलूप काढून खोकं आणलं. त्यावर लाल कागदाचा फाटका तुकडा उरला होता. त्याच्या खालून पारदर्शक चिकटपट्टीचं टोक डोकावत होतं.

"मी लावलं होतं. काउंटरवरच्या बाईने फाडलं. नवं म्हणून खपवलं की तिला कमिशन जास्त. आणि विकलं कुणाला, तर सख्ख्या मावशीला. आता काय बोलायचं?"

काउंटरवरची बाई, म्हणजे ती भाची, खाली मान घालून उभी होती.

"फाडलंत?"

"लेबल नव्हतंच. यांनी नवं म्हणून दिलं, मी नवं म्हणून विकलं."

"साक्षीला कोण?"

"कुणी नाही." तिने मान वर केली. "नोकरी गेली तर गेली हो. पण दोन महिने झाले, मावशी माझा फोन उचलत नाही. आईच्या मागे तिनेच वाढवलं मला."

संध्याकाळी बाई मावशीच्या घरी गेल्या. मावशी अंध मुलांच्या शाळेसाठी पुस्तकं टाईप करायची. जुन्या कॉम्प्युटरवरून उतरवलेली धरून नऊ पुस्तकं त्या डिस्कमध्ये होती. दोन वर्षांचं काम एका दुपारी मातीमोल झालं होतं.

मिठाच्या डब्यावर, औषधाच्या बाटलीवर, दिव्याच्या बटणाजवळ, जिथे तिथे ब्रेलच्या ठिपक्यांच्या पारदर्शक पट्ट्या होत्या.

"यांचं काम," मावशीने नवऱ्याकडे बोट केलं. काकांना दिसत नव्हतं. "घरात आलेली वस्तू पट्टीशिवाय ठेवतील तर शपथ."

"खोकं आणलंत तेव्हा त्यावर लाल कागद होता?"

"नव्हता. तिने आधीच फाडला असणार."

"मग खोकं परत दुकानात कसं गेलं?"

"यंत्र बंद पडलं तेव्हा त्यातच घालून मी मालकाच्या हातात दिलं."

"भाची होती तिथे?"

"तिची सुट्टी होती. पण खोक्यावर उरलेला तो तुकडा मालकाने काउंटरपलीकडून दाखवला ना मला नंतर. एवढासा, म्हणून आधी नजरेतून सुटला असेल."

बाईंनी मिठाच्या डब्यावरच्या पट्टीवरून बोट फिरवलं.

दुसऱ्या सकाळी त्यांनी सगळ्यांना दुकानात बोलावलं आणि खोकं काकांपुढे ठेवलं. "काका, यावरून जरा हात फिरवा."

काकांचं बोट सरकत सरकत थांबलं. "ही माझी पट्टी."

"वाचा."

"'कॉम्प्युटरचं खोकं. गॅरंटी आहे. टाकू...' पुढचं लागत नाही. वर कागद चिकटलाय."

बाई मालकाकडे वळल्या. "पट्टी खाली, लेबल वर. पट्टी लागली ती खोकं घरी गेल्यावर. म्हणजे लेबल त्याच्याही नंतरचं. तेव्हा खोकं तुमच्या कुलपात होतं. किल्ली कुणाकडे असते?"

मालकाचा हात आपसूक खिशातल्या किल्लीकडे गेला.

"तक्रार होणार हे दिसताच तुम्ही लेबल चिकटवलंत आणि स्वतःच फाडलंत. अखंड ठेवलं असतं तर मावशींनी तिथल्या तिथे खोटं पाडलं असतं. फाटका तुकडा ठेवला की हिच्यावर ढकलून मोकळे. पट्टी तुम्हाला कंपनीची वाटली. ते ठिपके म्हणजे अक्षरं आहेत, हे तुमच्या ध्यानीमनीही नव्हतं."

"सगळेच करतात हो, मॅडम," मालक पुन्हा गोड हसला. "आपण मिटवून टाकू."

बाईंना त्या झुरळापेक्षाही या हसण्याची किळस आली. झुरळ निदान आपली घाण दुसऱ्याच्या नावावर खपवत नाही. त्यांनी जप्तीचा कागद काढला आणि दुकानाला सील लावायला सांगितलं.

मावशी भाचीजवळ गेली. "चल, घरी चल."

"एकदा विचारायचं होतंस, मावशी," भाची म्हणाली. "एकदाच."

काकांनी अंदाजाने हात पुढे केला. भाचीने तो धरला आणि त्यांना सांभाळून पायऱ्या उतरवल्या. मावशी चार पावलं मागे राहून त्यांच्या पाठोपाठ निघाली.