तिसऱ्या वळणावर विझणारे दिवे

"मामा, दिवे!" सई किंचाळली.

पिकअपचे दिवे अजून विझले नव्हते, पण विझत चालले होते. समोरचा रस्ता आधी पिवळा झाला, मग तांबूस, आणि घाटाच्या तिसऱ्या वळणाशी पोचेपर्यंत तो दिसेनासाच झाला. उजवीकडे दरी होती. मागच्या टाकीत हजार लिटर पाणी डचमळत होतं, आणि त्या वजनासकट गाडी अंधारात चढत होती.

नानामामांनी करकचून ब्रेक दाबला आणि गाडी कड्याला चिकटवली. तेवढ्यात वरून ट्रकचा आवाज आला. मामांनी हॉर्न दाबला. त्यातून घसा बसल्यासारखा आवाज निघाला, तोही अर्धाच. मग ट्रकचा झगझगीत उजेड वळणावर आला, सईने डोळे गच्च मिटले आणि हाताला जे लागलं ते घट्ट धरलं. ट्रक वीतभर अंतरावरून, शिव्या हासडत, खाली निघून गेला.

"ताई, तो माझा दंड आहे," चिन्मय म्हणाला. "नखं काढ त्यातली."

एरवी सई हसली असती. आत्ता तिने मुकाट्याने हात सोडला. मामांनी कपाळावरचा घाम पुसला.

"ह्ये वळणच बाधलंय," ते हळूच म्हणाले. "आज चौथा दिवस. बरूबर इथंच येऊन दिवे जातेत. काल नारळ फोडला, तरी तेच."

इंजिन मात्र धडधडत होतं. शेवटी मागून एक जीप आली. तिला पुढे जाऊ देऊन, तिच्या मागच्या लाल दिव्यांवर नजर ठेवत मामांनी गाडी घरी आणली.

२०१६च्या मे महिन्यातली ही गोष्ट. तेरा वर्षांची सई आणि अकरा वर्षांचा चिन्मय औरंगाबादहून सुटीला मामाकडे आले होते. खुलताबादच्या पुढे डोंगरावर मामांची वाडी. वाडीतले सगळे बोअर त्या वर्षी आटले होते, म्हणून मामा आपल्या जुन्या पिकअपमधून घाटाखालच्या विहिरीचं पाणी आणत. पण घाटाखाली शहराच्या नव्या कॉलन्या झाल्या होत्या आणि विहिरीवर आधी त्यांचे टँकर लागत. दिवसा मामांच्या कशाबशा दोन खेपा व्हायच्या. तिसऱ्या खेपेला दिवस मावळायचाच.

घरी पोचल्यावर शेजारची सोनिया अंगणात वाट बघत उभी होती. ती सईच्याच वयाची. "नानाबापू, उद्या संध्याकाळी विसरू नका बरं का," ती म्हणाली. "आईला अन् बाळाला घाटाखालच्या दवाखान्यातून सोडणारेत. चारच दिवसांचं हाय ते. तुमच्याच गाडीत आणायचंय."

"आणतो की," मामा म्हणाले. पण त्यांनी सोनियाच्या डोळ्यांत बघायचं टाळलं.

सई जेवायला बसली तरी तिच्या डोक्यात तेच होतं. उद्या संध्याकाळी म्हणजे तेच वळण, तोच अंधार, आणि गाडीत चार दिवसांचं बाळ. तिने ताट बाजूला सरकवलं.

सकाळी मेकॅनिक फकिराभाऊ बॅटरी घेऊन आले. मामा रोज घरी आल्यावर ती काढून त्यांच्याकडे चार्जिंगला देत आणि सकाळी परत बसवून घेत.

"ही तर परवाच बदललीय," फकिराभाऊ म्हणाले. "अन् डायनमो एकदम ओके हाय. बघा हं." त्यांनी गाडी चालू केली आणि चालू गाडीत बॅटरीची तार काढून हातात धरली. इंजिन धडधडत राहिलं. "डायनमो वीज देत नसता तर गाडी बंद पडली असती का नाय? चाळीस वर्षं मी असंच बघतो."

मामांनी मान डोलावली. फकिराभाऊंनी तार परत जोडली आणि ते पान खायला निघून गेले. मामांनी किल्ली फिरवून काढून खिशात टाकली, तरी गाडी चालूच. मग त्यांनी स्टिअरिंगखालची एक दांडी ओढली, तेव्हा कुठे इंजिन थांबलं.

सई बघतच राहिली. "मामा, किल्ली काढली तरी ही बंद कशी नाही झाली?"

"डिझेलची हाय ना. हिला बंद करायला डिझेल तोडावं लागतं."

"म्हणजे एकदा चालू झाली की हिला वीज लागतच नाही?"

"नाय लागत."

"मग तार काढल्यावर ती बंद कशाला पडेल? डायनमो मेलेला असला तरी चालूच राहील!"

मामा थबकले, पण क्षणभरच. "फकिराला पेट्रोलच्या जीपपासून अनुभव हाय पोरी," ते म्हणाले आणि पहिल्या खेपेला निघून गेले.

सई, चिन्मय आणि सोनिया रिकाम्या गोठ्यात जाऊन बसली. जनावरं चारा छावणीला गेली होती, त्यामुळे आत नुसता अंधार आणि शेणाचा जुना वास होता.

"पण मग रोज त्याच वळणावर कसं काय?" चिन्मयने विचारलं. "भुताला घड्याळ कळतं का?"

"गप रे," सोनिया म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. आता तिलाही सगळं कळलं होतं. "माझी आई येणारे त्या गाडीत."

"थांब, तू काय म्हणालास? घड्याळ?" सई ताठ बसली. "मामा दिवे कुठे लावतात?"

"घाटाखालच्या टपरीपाशी," चिन्मय म्हणाला. "रोज तिथे चहा पितात, मोजून दोन भजी खातात आणि मग दिवे लावतात."

"आणि टपरीपासून त्या वळणापर्यंत भरल्या गाडीला वीस-बावीस मिनिटं लागतात. रोज तेवढीच. दिवसभराच्या खेपांना गाडी चालू करायला आणि हॉर्नला बॅटरी खर्च होते, तिच्यात परत काही भरलं जात नाही. संध्याकाळी दिवे लावले की बावीस मिनिटांत ती संपते. गाडी तेव्हा कुठे असते? तिसऱ्या वळणावर!"

हे पटवायला पुरावा हवा होता. सोनिया धावत जाऊन पुंडलिककाकांना घेऊन आली. काका म्हणजे वाडीतले पंपांचे वायरमन.

"बोअर आटल्यापास्नं माझ्या मीटरला कामच नाय," ते म्हणाले. "चला, गाडी तर गाडी."

दुपारी दोनला मामा दुसरी खेप टाकून आले. सईने हात जोडले. "मामा, गाडीचं तोंड गोठ्याकडे करा, इंजिन चालू ठेवा आणि दिवे लावा. तुमचं जेवण होईपर्यंतच. ते वळण आम्ही अंगणात आणून दाखवतो."

मामा हसले. पान खाऊन परतलेले फकिराभाऊ तर पोट धरून हसले. पण मामांनी दिवे लावले. गोठ्याची मागची काळी भिंत पांढरीशुभ्र उजळली.

दहा मिनिटं झाली. पंधरा झाली. भिंत तशीच पांढरी.

"काय मग, इंजिनेरबाई?" फकिराभाऊ म्हणाले.

सईची नजर भिंतीवरून हलत नव्हती. आपलं चुकलं असेल तर? मग मामा हसत हसत तसेच जातील, आणि सोनियाची आई आणि ते बाळ... तिने पुढचा विचार केला नाही. अठरा मिनिटं. एकवीस. तिला रडू यायच्या बेतात होतं.

"ताई," चिन्मय कुजबुजला, "भिंत पिवळी दिसतेय."

भिंत पिवळी झाली. मग तांबूस झाली. पुंडलिककाकांच्या मीटरचा आकडा बारावरून घसरत अकरा व्होल्टच्या आत गेला आणि गोठ्यात अंधार झाला. इंजिन मात्र धडधडतच होतं.

मामा उष्ट्या हातानेच उठून आले. "म्हंजे वळण माझ्या गोठ्यात आलं व्हय?"

चिन्मय केबिनमध्ये चढला होता. "मामा, इथे काचेवर ही टिकली कशाला लावलीय?"

मामा ओशाळले. "एक लाल दिवा पेटायचा तिथं. सारखा डोळ्यांत खुपायचा. बॅटरी बदलली तरी जाईना, म्हणून तुझ्या मामीची टिकली लावली."

"मला न विचारता?" आशामामी दारातून म्हणाल्या.

चिन्मयने टिकली सोलून काढली. खाली बॅटरीचं छोटं चित्र लाल पेटलेलं होतं. गाडी पाच दिवस सांगत होती, आणि मामांनी तिचं तोंड टिकलीने बंद केलं होतं.

पुंडलिककाका कामाला लागले. डायनमोच्या तोंडाशी मीटर लावला तर आकडा चौदा. बॅटरीपाशी अकराच्याही आत. "डायनमो वीज करतोय," ते म्हणाले, "पण ती बॅटरीपर्यंत पोचत नाय. मधली तार बघा." तिघांनी तार बोटांनी चाचपली. एका जागी काळ्या टेपचं जाडजूड वेटोळं होतं. फकिराभाऊंनीच ते बॅटरी बदलताना गुंडाळलं होतं. ते सोडलं तर आत तारेचं टोक हिरवं पडून भुगा झालेलं होतं.

फकिराभाऊंच्या चेहऱ्यावरचं हसू कधीच गेलं होतं. त्यांनी मुकाट्याने खराब तार कापली, नवीन टोक बसवलं, नट आवळला आणि दुसरी चार्ज केलेली बॅटरी आणून लावली. आता बॅटरीपाशीही आकडा चौदाच्या जवळ आला. लाल दिवा विझला. तेव्हा चार वाजायला पाच मिनिटं होती.

"मी येते," सई म्हणाली. तिला यायचं नव्हतं. पण हिशेब तिने मांडला होता, आणि तो चुकला तर आपण घरी बसलेलो असू हे तिला सहन होणार नव्हतं.

संध्याकाळी केबिनमध्ये मामा, मांडीवर बाळ घेतलेल्या सोनियाच्या आई लीलाबाई, सोनिया आणि सई दाटीवाटीने बसले होते. मागे भरलेली टाकी होती. टपरीपाशी मामांनी चहा घेतला नाही. नुसते दिवे लावले. सईने घड्याळ बघितलं आणि मग तिला दुसरीकडे बघताच येईना. पहिलं वळण. दुसरं. वीस मिनिटं. बावीस. दरीत काळोख साचला होता. तिसरं वळण आलं, आणि नेमका त्याच वेळी वरून ट्रकचा आवाज आला.

मामांनी हॉर्न दाबला. तो दणदणीत वाजला. पांढरा उजेड कड्यावर, रस्त्यावर, दरीच्या कठड्यावर स्वच्छ पडला होता. वरचा ट्रक हळू झाला, त्याने बाजू दिली आणि तो निघून गेला. पंचवीस मिनिटं. दिवे तसेच होते.

"का गं, थरथरतीस का?" लीलाबाईंनी विचारलं. त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

"भीती वाटत होती," सई म्हणाली, आणि तिला एकदम रडूच आलं. सोनियाने तिचा हात घट्ट धरला. तीही रडत होती.

मामांनी गाडीचा वेग कमी केला.

"मलाबी वाटायची," ते म्हणाले. "रोज, ह्याच ठिकाणी. पण मोठा माणूस म्हणून सांगता येईना. मग म्हटलं वळण बाधलंय. तसं म्हटलं की तपासायचं काम उरत नाय." "तू भ्याली तरी मोजत बसलीस पोरी. आज ह्या लेकराला तू घरी आणलंस."

त्यांनी एक हात उचलून सईच्या डोक्यावर ठेवला, आणि लगेच परत स्टिअरिंगवर नेला, कारण पुढे चौथं वळण होतं.